मधली बारीक रेघ

८ नोव्हेंबर ९८, रविवार

वीसपैकी अकरा. शेजारी बसणाऱ्या कॉलेजच्या मुलीला एकोणीस. साळवे मॅडम माझा पेपर बघून म्हणाल्या, सुधारणा आहे. गेल्या वेळी बारा होते, ते त्यांच्या लक्षात नाही.

आज जोड्या एकवीस ते पंचवीस. मॅडमची पद्धत ठरलेली. झेरॉक्सचा कागद, वाक्यात गाळलेली जागा, खाली सारखे दिसणारे दोन शब्द, बरोबर असेल त्याला गोल. दर रविवारी पाच नव्या जोड्या. लूज म्हणजे ढिला, लूझ म्हणजे गमावणे. एक ओ जास्त का कमी, एवढाच काय तो फरक. अडतीस वर्षांचा बाप्या एका ओसाठी घाम पुसतो. मार्चमध्ये कंपनीत सुपरवायझरची परीक्षा आहे आणि पेपर इंग्रजीत, नाहीतर कोण मरायला सिडकोतून शरणपूरला सायकल हाणत येतंय.

११ नोव्हेंबर

वहीत इंग्रजी शब्दांचे उच्चार मराठीत लिहितो ते मॅडमना चालत नाही. म्हणतात, अशाने कानाचं कानात राहील आणि डोळ्याचं डोळ्यात. राहू दे. इथे तरी मी मराठीतच लिहिणार, रोजनिशी तपासायला त्या येत नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत निवृत्तीने वही हिसकावली आणि सगळ्या प्रेस शॉपला, म्हणजे आमच्या खात्याला, वाचून दाखवली. त्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, पण माझी वही वाचता येते, मराठीत आहे ना. विचारतो, "मास्तर, ह्ये ब्रीद आन् ब्रेथ काय भानगड हाय?" सांगितलं, एक श्वास घेणे, एक नुसता श्वास. म्हणाला, "मंग येकच की."

चौदा वर्षं शेजारच्या मशीनवर होता हा. दोन वर्षांमागे उजव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली, तेव्हापासून स्टोअरमध्ये बसवलाय. डबा खायला मात्र आमच्यातच येतो.

२२ नोव्हेंबर, रविवार

चौदा मिळाले. शिवाय मॅडमनी आज किल्लीच हातात दिली. शब्दापुढे री लागलं की पुन्हा. रीओपन, पुन्हा उघडणे. रीराइट, पुन्हा लिहिणे. रीफिल तर रोज खिशात घेऊन फिरतो, कधी डोक्यात आलं नव्हतं. येताना रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या वाचत आलो. री कुठे सापडलं नाही, पण नजर बसली.

मंदा म्हणाली, आज काय लॉटरीबिटरी लागली का तुम्हाला. बायकोला सांगायला गेलो तर कुकरची शिट्टी झाली.

२५ नोव्हेंबर

पाळी संपवून आलो तर पाठोपाठ निवृत्ती घरी. पर्सोनेलच्या साहेबांनी त्याला एक टाइप केलेला कागद दिलाय. म्हणाले, घरी न्या, कुणाकडून तरी वाचून घ्या, पटलं तर सही करून उद्या आणा. नि. म्हणतो, "कुनाकडं कशाला, आपला मास्तर हाय की."

कागद दोन ओळींचा. वर नाव, टोकन नंबर. आय हिअरबाय, म्हणजे मी इथे. मग तो शब्द. आर ई एस आय जी एन. साइन म्हणजे सही. पुढे री. रीसाइन, पुन्हा सही! रविवारी शिकलो आणि बुधवारी कामाला आलं, अंगावर मूठभर मांस चढलं. पुढे माय पोस्ट, माझा हुद्दा. शेवटी विथ इफेक्ट फ्रॉम, तीस तारखेपासून लागू.

समजावून सांगितलं. बोटं गेल्यापासून तुझी सही बदललीय, जुन्या रेकॉर्डशी जुळत नाही, म्हणून नव्याने मागतायत. त्याला लगेच पटलं. त्या सहीपायी तो दोन वर्षं बँकेपासून रेशनपर्यंत सगळीकडे अडतोय. म्हणाला, कंपनीला एवढं तरी सुचलं. माझ्याच पेनने, माझ्याच टेबलावर सही केली. तीन बोटांत पेन धरून, जीभ दाताखाली घेऊन, सावकाश. मग दोघांनी चहा घेतला.

वहीत नवा शब्द लिहून ठेवला, तारीख घालून: रीसाइन, पुन्हा सही करणे (नि.चा कागद).

१ डिसेंबर

नि.ला गेटवर अडवलं. त्याचं कार्ड जागेवर नाही. वॉचमन ओळखीचा, तरी सोडेना. आतून निरोप आला, तुम्ही स्वतः राजीनामा दिलात, मंजूर झाला. नि. हसायलाच लागला. त्याला वाटलं दुसऱ्या कुणाचं त्याच्या नावावर आलंय.

सायरन झाला, मला आत जावं लागलं. वळून पाहिलं तर डबा मांडीवर घेऊन गेटबाहेरच्या कठड्यावर बसला होता. साडेतीनला सुटलो तेव्हाही तिथेच. डबा उघडला नव्हता.

२ डिसेंबर

शॉपमध्ये एकच बोलणं. कागद बदलला. दाखवला एक, सही उचलली दुसऱ्यावर. एकजण म्हणाला, निवृत्तीला निवृत्ती दिली. दोघे-तिघे हसले.

सगळ्यात मोठ्याने मीच बोललो. म्हटलं, कागद मी वाचलाय, माझ्या टेबलावर, त्यात पुन्हा सही असंच होतं, पोरीची शपथ. एवढं ठाम बोलणारा कुणीतरी हवाच होता त्यांना.

६ डिसेंबर, रविवार

जोड्या एक्केचाळीस ते पंचेचाळीस. त्यातली त्रेचाळीसावी.

मॅडमनी फळ्यावर एकच शब्द दोनदा लिहिला. आर ई एस आय जी एन. दुसऱ्यात री झाल्यावर मध्ये एक बारीक आडवी रेघ. वर्गातून कुणीतरी म्हणालं, मॅडम, दोन्ही एकच आहेत. मॅडम म्हणाल्या, रेघ असेल तर री-साइन, पुन्हा सही करणे. रेघ नसेल तर रिझाइन, राजीनामा देणे.

रिझाइन मला माहीत नाही? शॉपमध्ये महिन्याआड कुणीतरी रिझाइन देतो. त्याने रिझाइन टाकलं, मी रिझाइन टाकीन, हजारदा तोंडाने म्हटलेला शब्द. पण कधी लिहिलेला बघितला नव्हता. माझ्या डोक्यात त्यात झेड होता.

वही तपासताना मॅडमनी पंचवीस तारखेच्या ओळीला लाल गोल केला. बाजूला लिहिलं, रेघ कुठे आहे? खाली त्यांची सही आणि आजची तारीख.

त्या कागदावर रेघ नव्हती. मला स्वच्छ आठवतंय. नव्हती.

७ डिसेंबर

सोनालीचा शब्दकोश. त्या दिवशी टेबलावरच होता, त्याच्यावर मी चहाचा कप ठेवला होता. पोरगी नववीत आहे, हाक मारली असती तरी तिने सांगितलं असतं. आज उघडला. पहिलाच अर्थ.

उद्या नि.ला सांगणार.

८ डिसेंबर

नाही सांगितलं.

१३ डिसेंबर

मखमलाबादला त्याच्या घरी गेलो. सांगायचंच म्हणून गेलो होतो. शेवंतीच्या वाफ्यात तो आणि त्याची बायको, शांतावहिनी, फुलं तोडत होते. भाऊबंदही जमलेले. मी दिसताच नि. सगळ्यांना सांगायला लागला, ह्योच त्यो, ह्यानं कागद वाचलाय, ह्याच्या डोळ्यांनी. वहिनींनी भावोजी भावोजी करत चहा दिला. म्हणाल्या, तुम्ही होते म्हणून बरं, नाहीतर आमचं अडाण्याचं कोण खरं मानतं.

घशापर्यंत आलं होतं. चहाबरोबर खाली गेलं. येताना पिशवीभर मेथी दिली. मंदाने निवडली, भाजी केली. मला जेवण गेलं नाही.

११ जानेवारी ९९

कामगार अधिकाऱ्याकडे नि.ने तक्रार घातली. युनियनच्या वकिलांनी लिहून दिली. कंपनीने कागद बदलला असं त्यात आहे. साक्षीदार म्हणून माझं नाव. मला न विचारता घातलं. विचारायचं काय त्यात, असं त्याला वाटलं असणार.

वकील म्हणाले म्हणे, तुमच्याकडे दुसरं काहीच नाही, हा एक माणूस आहे.

१४ जानेवारी

पर्सोनेलच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. टेबलावर कागदाची झेरॉक्स. तोच कागद. सहीतला शेवटचा फाटा खाली घसरलेला, माझ्यासमोर घसरला होता तो. साहेब म्हणाले, तुम्ही वाचला होता असं ऐकतो. हाच होता ना?

हो म्हटलं तर नि.ची तक्रार खोटी ठरते. नाही म्हटलं तर मी खोटा. मी म्हटलं, आठवत नाही.

साहेबांनी झेरॉक्स ड्रॉवरमध्ये ठेवली. मग म्हणाले, "छान. आठवत नसेल तर तिकडे जायचं कारणच नाही." मार्चच्या परीक्षेची तयारी कशी चाललीय तेही विचारलं.

२४ जानेवारी, रविवार

आजची एक जोडी दिसण्याची नाही, अर्थाची: रिफ्यूज, डिनाय. मॅडम म्हणाल्या, करणार नाही म्हणणं ते रिफ्यूज, केलंच नाही म्हणणं ते डिनाय. मराठीत आपण दोन्हीकडे नाहीच म्हणतो, म्हणून घोळ होतो.

दुपारी नि. आला. त्यालाही म्हटलं, नीट आठवत नाही रे, दोन ओळी होत्या, घाईत वाचल्या. म्हणाला, मास्तर, पोरीची शपथ घेतली व्हती तू. मी म्हटलं, माझी नोकरी आहे, मलाही बायको-पोरगी आहे. हे ऐकल्यावर मात्र त्याचा चेहरा सैल झाला. मी घाबरलोय असं त्याला वाटलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, बरं बरं, तुला नाय वढायचं त्यात.

मला भित्रा समजून त्याने माफ केलं. ते मी चालवून घेतलं.

२१ मार्च

परीक्षा झाली. गाळलेल्या जागा दहा. दहाही आल्या.

१९ एप्रिल

सुपरवायझर झालो. निळा शर्ट जाऊन पांढरा. नि.ला कुठून कळलं कोण जाणे, सकाळी फुलबाजारातून थेट घरी. तिथे आता तो भावाच्या ओट्यावर हार ओवत बसतो. गुलाबाचा हार आणला होता, स्वतः ओवलेला. तीन बोटांनी गाठ कशी मारतो देव जाणे. माझ्या गळ्यात घालून म्हणाला, आपला येक मानूस तरी वर गेला.

मंदाने त्याला पेढा दिला. मला म्हणाली, डोळ्यांत पाणी काय आणताय, चांगला दिवस आहे. तिला अजून काही माहीत नाही.

सुनावणी पुढे ढकलली. दुसऱ्यांदा.

११ जुलै, रविवार

नि.ने साळवे मॅडमचा क्लास लावला. म्हणतो, मला वाचता येत नव्हतं म्हणून फशिवलं, आता सुनावणीला कागद मी सोता वाचनार. उन्हाळाभर सोनालीच्या जुन्या पुस्तकावरून एबीसीडी गिरवली होती त्याने. तिने शिकवली, माझ्या घरात. मला वाटलं, हौस.

मॅडमनी त्याला पहिला कागद दिला. जोड्या एक ते पाच.

बोटांवर मोजलं. दर रविवारी पाच. स्वातंत्र्यदिनाचा रविवार सुट्टीचा. गणपतीच्या आसपास तो त्रेचाळीसवर पोचतो.

४ ऑगस्ट

दर बुधवारी संध्याकाळी येतो, गृहपाठ घेऊन. मीच शिकवतो. शिकवावंच लागतं. हार ओवताना जोड्या पाठ करतो म्हणे, एक फूल हा शब्द, एक फूल तो. बाजारात त्याला हसतात. पाच जोड्यांत एखादी चुकते, पण तीच चूक पुन्हा करत नाही. मी करायचो.

आज विचारलं, "अक्यूज म्हंजी आळ घेनं. आन् एक्स्क्यूज?" म्हटलं, माफ करणं. म्हणाला, लय शेजारी शेजारी राहतात रे ही दोगं. आणि हसला. मी पाणी आणायला आत गेलो.

२५ ऑगस्ट

मंदाला सांगितलं. सगळं. ती भांडी घासत होती, हात थांबले. म्हणाली, "चूक झाली ते समजू शकते. नऊ महिने गप्प कसे बसला तुम्ही?" मग म्हणाली, तो त्या शब्दापर्यंत पोचायच्या आत स्वतः सांगा, नंतर सांगून उपयोग नाही.

बरोबर आहे तिचं.

१ सप्टेंबर

नि. म्हणाला, तुझी जुनी वही दे की, तू मराठीत लिहिलंय ते मला पटपट कळतंय. म्हटलं, शोधून ठेवतो.

वही कपाटात समोरच होती. उघडली. पंचवीस नोव्हेंबर, माझं अक्षर. लाल गोल. रेघ कुठे आहे?

४ सप्टेंबर

सकाळी आंघोळीचं पाणी तापत होतं. पान फाडलं आणि बंबात टाकलं. एक्केचाळीस ते पंचेचाळीस आणि मागच्या बाजूची शब्दांची यादी. पाणी नेहमीसारखंच तापलं.

८ सप्टेंबर

वही नि.ला दिली. त्याने ती डोक्याला लावली, पोथी घेतात तशी. सांगायचं होतं, रविवारच्या क्लासचं विचारलं.

रविवारी गणपतीच्या खरेदीमुळे क्लास बंद. म्हणजे त्रेचाळीसावी एकोणीस तारखेला. अजून अकरा दिवस आहेत.

१८ सप्टेंबर

अकरा दिवस होते. एकही वापरला नाही. पंधराला बुधवारी तो आला होता, मोदक घेऊन. सोनाली समोर होती, मंदा समोर होती. मंदा माझ्याकडे बघत होती. मी पावसाविषयी बोललो.

१९ सप्टेंबर, रविवार

आज शरणपूरच्या त्या खोलीत फळ्यावर तो शब्द दोनदा लिहिला गेला असणार. दिवसभर दाराकडे कान. कुणी आलं नाही.

२२ सप्टेंबर

बुधवार. नि. आला नाही. पहिलाच बुधवार चुकला.

२३ सप्टेंबर

पाळीच्या आधी फुलबाजारात जाऊन आलो. विसर्जनाची गर्दी. तो ओट्यावर मान खाली घालून ओवत होता. मी समोर उभा राहिलो. वर बघितलं, ओळखीचं काही दाखवलं नाही, गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, किती हार? मी म्हटलं, एक. बांधून दिला. मागे माणसं रेटत होती, पैसे देऊन निघालो.

२६ सप्टेंबर, रविवार

आज दुपारी आला. मंदाने पाणी ठेवलं, त्याने घेतलं नाही. खिशातून कागदाची झेरॉक्स काढली, वकिलांकडची. टेबलावर ठेवली, त्याच जागी.

"वाच."

वाचलं. आय हिअरबाय रिझाइन.

"आता झेड कुठनं आला? त्या दिशी तर नव्हता."

मग सगळं सांगितलं. री म्हणजे पुन्हा, रविवारचा धडा, बोटं, सही, शब्दकोशावरचा चहाचा कप. सहा डिसेंबरला कळलं तेही. केबिनमधली खुर्चीसुद्धा. काही बाकी ठेवलं नाही. सगळं झाल्यावर त्याने एकच विचारलं.

"तवा तुला येत नव्हतं, का साहेबानं असं वाच म्हनून सांगितलं व्हतं?"

मी म्हटलं, येत नव्हतं. आईशप्पथ येत नव्हतं. कालपर्यंत मला त्याच्यापुढे अडाणी दिसायचं नव्हतं. आज हात जोडून सांगत होतो की मी अडाणी होतो.

त्याने पिशवीतून माझी वही काढली. उघडून टेबलावर ठेवली. शिलाईत अडकलेल्या पानाच्या चिंध्यांवरून अंगठा फिरवला. चाळीसनंतर एकदम शेहेचाळीस. म्हणाला, "समदी पानं हायेत. तेवढंच नाय." मंदा म्हणाली, भावोजी, त्यात यांची चूक लिहिलेली होती, मॅडमची लाल शाई होती, म्हणून घाबरून फाडलं. तो म्हणाला, असंल वहिनी. मला काय ठावं.

खरं तेच होतं त्या पानावर. मला येत नव्हतं याचा तेवढा एक पुरावा.

मॅडमना विचारू म्हटलं. म्हणाला, विचारलं, वर्साला शंभर वह्या तपासत्यात त्या, त्यांना नाय आठवत.

सुनावणी गुरुवारी, तीस तारखेला. आता ढकलणार नाहीत म्हणे. मी येतो म्हटलं, अधिकाऱ्यासमोर सगळं सांगतो, कागद तोच होता पण मी चुकीचा वाचून दाखवला, त्याला कळलाच नव्हता. पांढरा शर्ट गेला तर गेला. तो म्हणाला, "तुझं कोन खरं मानंल?" रागाने नाही. खरंच विचारत होता. मग वही तिथेच ठेवून गेला.

वही समोर आहे. मागची आठ पानं कोरी आहेत, कागद तोच. माझं अक्षर माझंच. जे होतं तेच लिहायचं, एक शब्द इकडचा तिकडे नाही, पंचवीस नोव्हेंबर, सहा डिसेंबर. मॅडमची सही चौदा ठिकाणी आहे बघून काढायला.

लाल पेन सोनालीच्या कंपासपेटीत आहे.